वीजजोडणी नसलेल्या केबिनसाठी सोलर: आधी लोडचा हिशोब

पॅनेल किती घ्यायची, हे शेवटी ठरतं. आधी दिवसाची वीज कागदावर मांडा, वॉट गुणिले तास. ९ वॉटचे चार एलईडी दिवे पाच तास म्हणजे १८० वॉट-तास. ३० वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा दहा तास ३००, लॅपटॉप-मोबाइल १८०, छोटा फ्रिज ६००, ३७० वॉटचा पंप अर्धा तास १८५. बेरीज १,४४५, इन्व्हर्टरमधली घट धरून साधारण १,६०५. बहुतेकांचा हिशोब यापुढे चुकतो. काहीही न चालवता इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी तो १० वॉट खातो, दिवसाला २४०. तेव्हा १,८५० धरा.

दोन ढगाळ दिवस काढायचे तर ३,७०० हवेत. लिथियम फॉस्फेट बॅटरी ८० टक्केच वापरायची, म्हणून २५.६ व्होल्ट, २०० एएच (अँपिअर-तास; एकूण ५,१२० वॉट-तास) घ्या. लेड-अ‍ॅसिड रोज निम्म्याखाली उतरली तर लवकर संपते, त्यामुळे ती ७,४०० ची लागेल. लिथियम शून्य अंशाखाली चार्ज केली तर सेल कायमचे खराब होतात. थंडीत चार्जिंग तोडणारा बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट) असल्याची खात्री करा. १२ व्होल्टची सिस्टिम नकोच. २४ व्होल्टच्या तुलनेत तेवढ्याच वॉटला करंट दुप्पट होतो, आणि त्याच वायरमधली घट चौपट.

आता पॅनेल. वर्षातला सर्वांत कमी उन्हाचा महिना धरा. त्या महिन्यात पूर्ण उन्हाचे चार तास मिळत असतील तर १,८५० ÷ (४ × ०.७५) = ६१७ वॉट; ०.७५ हे वाटेतली घट धरून. पण एवढ्यात उतरलेली बॅटरी वर यायला फार दिवस लागतात, म्हणून ४०० वॉटची दोन, सिरीजमध्ये (एकामागे एक, म्हणजे व्होल्टची बेरीज होते). ३७ व्होल्ट ओपन सर्किटची (काही न जोडता मिळणारे व्होल्ट) असतील तर ७४ होतात, कडक थंडीत ८० च्या आसपास. १०० व्होल्ट, ४० अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी चार्ज करणारा) चालतो. तिसरं त्याच ओळीत जोडलंत तर १११ व्होल्ट होऊन कंट्रोलर जळेल. फांदीची सावली एका पॅनेलवर पडली तरी उत्पादन बरंच घटतं, जागा त्या हिशोबाने निवडा.

पंप सुरू होताना कितीतरी पट करंट ओढतो, म्हणून १,५०० वॉटचा प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी वीज देणारा) इन्व्हर्टर. पूर्ण लोडला बॅटरीतून सुमारे ७० अँपिअर जातील: २५ चौरस मिमी तांब्याची, शक्य तितकी आखूड केबल आणि बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनललगत १०० अँपिअरचा डीसी फ्यूज. पॅनेलच्या बाजूला घरातला एसी एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) लावू नका. डीसीची ठिणगी त्यात विझत नाही, आग लागते. जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल, काढताना उलट.