‘नोज’ शिकताना: निवासी डॉक्टरांसाठी काही अनुभव

मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया दुर्बिणीने केली, तरी कापलेला भाग बाहेर काढण्यासाठी शेवटी पोटावर काही सेंटिमीटरचा छेद घ्यावाच लागतो, आणि नंतरची वेदना, जखमेतील जंतुसंसर्ग व हर्निया यांचे मूळ बऱ्याचदा त्याच छेदात असते. तो टाळून हा भाग गुदद्वारातून किंवा योनीमार्गातून काढण्याच्या तंत्राला ‘नोज’ (नॅचरल ऑरिफिस स्पेसिमेन एक्स्ट्रॅक्शन) म्हणतात. ते शिकू लागलो तेव्हा भाग ओढून काढणे हेच अवघड असेल, असे मला वाटत होते. खरी परीक्षा रुग्णाच्या निवडीत असते.

माझ्या एका सुरुवातीच्या शस्त्रक्रियेत स्कॅनवर गाठ लहान दिसली म्हणून मी निर्धास्त होतो; मात्र मेसेंटरीतील, म्हणजे आतड्याला रक्तवाहिन्या पुरवणाऱ्या पडद्यातील, चरबीची जाडी पाहण्याचे राहून गेले आणि भाग गुदाशयाच्या तोंडाशीच अडकला. वरिष्ठांनी जोर लावू दिला नाही. भाग फाटला, तर गाठीच्या पेशी पोटात सांडण्याचा धोका असतो, म्हणून ओटीपोटावर आडवा छेद घेऊन तो काढला. तेव्हापासून मी गाठीबरोबर मेसेंटरीचीही जाडी मोजतो.

गुदाशय पोटात उघडला जातो तो काळ सर्वांत जोखमीचा. आतडे आधी स्वच्छ केलेले हवे, सक्शन जवळ हवे, आणि भाग संरक्षक पिशवीतूनच बाहेर यायला हवा. आतड्याची टोके जोडणाऱ्या स्टेपलरचा अॅन्व्हिल (वरच्या टोकात बसवायचा सुटा भाग) त्याच वाटेने आत घेता येतो, परंतु जोड पूर्ण झाल्यावर हवा भरून गळती तपासण्याचा कंटाळा कधीही करू नये.

गुदद्वाराकडून गुदाशयाचे विच्छेदन करणारी ‘टाटीएमई’ ही याच कुळातली, पण कितीतरी कठीण पद्धत आहे. तिच्यात मूत्रमार्गाला इजा होऊ शकते, कारण खालून पाहताना ओळखीची शरीररचनाही परकी भासते. नॉर्वेमध्ये तर स्थानिक पुनरुद्भव (कर्करोग त्याच भागात पुन्हा होणे) आढळल्यावर ती राष्ट्रीय पातळीवर थांबवण्यात आली. गेर्हार्ड ब्यूस यांनी १९८० च्या दशकात रुजवलेल्या गुदद्वारमार्गे सूक्ष्मशस्त्रक्रियेपासून सुरुवात करून, लहान गाठी काढून हात बसल्यावर आणि मृतदेहावर सराव झाल्यावरच ‘टाटीएमई’कडे वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

संमतिपत्र घेताना मी आता ‘छेद लागणार नाही’ असे म्हणत नाही. गरज पडल्यास तो घेतला जाईल, हे वाक्य रुग्णासमोर वाचून दाखवतो.