वर्गमित्रांविषयी लिहिण्याआधी हजेरी घ्यावी

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी साहित्य मागवणारी सूचना फलकावर लागली की पहिल्या वर्षाचे बरेचसे विद्यार्थी 'माझी शाळा आणि माझे वर्गमित्र' हाच विषय निवडतात. विषयात काही वाईट नाही. अडचण एवढीच आहे की त्यांतील बहुतेक लेख एकमेकांच्या नावावर छापले तरी कोणाच्या ध्यानात येणार नाही. शाळा अमळनेरची असो, शहाद्याची असो की रावेरची, प्रत्येक लेखात शिक्षक शिस्तप्रिय पण प्रेमळ असतात, मित्र जिवाला जीव देणारे असतात आणि निरोप समारंभात सर्वांचे डोळे पाणावतात. अशा अंकाच्या विद्यार्थी संपादक मंडळात काम करताना मला असे दिसले की लिहिणाऱ्याला आठवत पुष्कळ असते, परंतु तो आठवणींना हात घालण्याआधीच भावनेला हात घालतो. पुढे सांगितलेली रीत त्यावरचा उपाय आहे. ती खान्देशातील शाळांना धरून सांगितली आहे, कारण मला तेवढ्याच शाळा जवळून ठाऊक आहेत.

हजेरीपासून सुरुवात

लेखाची पहिली ओळ शोधत बसू नये. आधी एक इयत्ता नक्की करावी, शक्यतो आठवी किंवा नववी, कारण दहावीच्या आठवणी परीक्षेने व्यापलेल्या असतात. आणि त्या वर्गाची हजेरी अनुक्रमांकाने लिहून काढावी. हे वाटते त्यापेक्षा सोपे जाते. हजेरी वर्षभर, रोज, त्याच क्रमाने आणि त्याच आवाजात कानावर पडलेली असते, त्यामुळे एक नाव सापडले की पुढची चार-पाच नावे त्याच्या मागोमाग येतात. आपल्याकडच्या वर्गांत पाटील, चौधरी, महाजन यांची रांग लांबलचक असते आणि तेथे नुसत्या आडनावाने भागत नाही. एकाच नावाचे दोन पाटील असले तर वर्गात एक पिंप्रीचा आणि दुसरा वडगावचा होतोच, तेव्हा यादीतही तसेच लिहावे. यादी झाली की बाकांचा आराखडा काढावा : खिडकीकडे कोण बसे, पंख्याखालच्या बाकासाठी कोण लवकर येई, मुलींची रांग कोणत्या बाजूला होती. जेथे नाव आठवत नाही तेथे अनुक्रमांक घालून जागा मोकळी सोडावी.

या मोकळ्या जागांकडे पुढे परत यावे. त्या बहुधा अबोल मुलांच्या नसतात, तर ज्यांचे नाव वर्षाच्या मध्येच हजेरीपटातून कमी झाले, त्यांच्या असतात, आणि माझ्या मते लेखाचा खरा विषय तेथेच दडलेला असतो. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला किंवा गुजरातमध्ये मजुरीला जातात आणि पुष्कळशी होळीला परततात. तेवढ्या अवधीत मुलाचे दुसरे सत्र निघून गेलेले असते. कापूस वेचणीच्या दिवसांत कित्येक मुली आठवड्यातून दोन-तीन दिवसच वर्गात दिसतात. भुसावळमध्ये रेल्वेत नोकरी करणाऱ्याची बदली झाली की कालपर्यंत हिंदीमिश्रित मराठी बोलणारा शेजारी एकाएकी दुसऱ्या राज्यात जातो. एखाद्या मुलीचे लग्न ठरलेले असते आणि वर्गाला ते दिवाळीच्या सुट्टीनंतर कळते. ही चारही मुले 'शाळा सोडून गेली' एवढ्या एकाच वाक्यात बसवणे बरोबर नाही, कारण रेल्वेवाल्याच्या मुलाला दुसरी शाळा मिळालेली असते आणि इतरांपैकी काहींना ती मिळालेली नसते. लेखात पहिल्या क्रमांकाचा विद्यार्थी, वक्तृत्वात बक्षीस मिळवणारी मुलगी आणि वर्गातील विदूषक एवढीच पात्रे आली असतील, तर तो वर्गाविषयीचा लेख नाही, बक्षीस समारंभाचे वृत्त आहे.

माणूस कसा दाखवावा

'तो अत्यंत कष्टाळू आणि हसतमुख होता' हे वाक्य यादीतील कोणत्याही नावापुढे जोडता येते, म्हणून ते काढून टाकावे आणि त्या मुलाची एखादी अशी कृती आठवावी, जी दुसऱ्या कोणाची असूच शकत नाही. माझ्या वर्गात केळी पिकवणाऱ्या भागातील एक मुलगा होता. तो पहाटे केळीचे घड वाहून गाडी भरायला मदत करून मग शाळेत येई. केळीचा चीक कपड्याला लागला की त्याचा तपकिरी डाग कितीही धुतला तरी जात नाही. त्याच्या पांढऱ्या सदऱ्याच्या उजव्या खांद्यावर, घड जेथे टेकतो नेमके तेथे, असे जुने-नवे डाग एकमेकांवर चढलेले असत, आणि ज्या दिवशी गणवेशाची तपासणी असे त्या दिवशी तो दप्तराचा पट्टा डाव्या खांद्यावरून काढून उजव्या खांद्यावर घेई. इतके लिहिल्यावर 'कष्टाळू' हा शब्द लिहिण्याची गरज उरत नाही, आणि तो अभिमानी होता की लाजाळू, हेही वाचकाने ठरवावे.

अशा बारीक गोष्टी सापडण्याची काही ठरलेली ठिकाणे आहेत. त्यांत पहिले ठिकाण डब्याचे. शासनाचा पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो, त्यामुळे आठवीपर्यंत ज्यांनी एकाच पातेल्यातील खिचडी खाल्ली ती मुले नववीत आपापले डबे घेऊन बसतात, आणि कोणाच्या घरी काय शिजते हे वर्गाला तेव्हा प्रथमच कळते. कळण्याची (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) भाकरी आणि ठेचा कोण आणी, हिवाळ्यात भरीत आले की कोणाभोवती गर्दी होई, पोळी-भाजीचा डबा असूनही कोण भाकरीसाठी अदलाबदल करी, आणि मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीकडे जातो असे सांगून कोण मुळी डबाच उघडत नसे, हे सगळे ज्याला आठवते त्याला मैत्री, गरिबी आणि जातपात यांवर वेगळे परिच्छेद लिहावे लागत नाहीत. दुसरे ठिकाण एसटीचे. मुलींना मोफत पास असतो, मुलांना सवलतीचा. परंतु गावची शेवटची गाडी कोणाची कधी चुकली आणि त्या दिवशी तो कोणाच्या घरी थांबला, या प्रश्नाचे उत्तर पासात नसते. शिक्षकांविषयी मात्र थोडेच लिहावे. त्यांच्यावर लिहिण्यासाठी अंकात वेगळे सदर असतेच.

भांडणाविषयी लिहावे की नाही, असे अनेक जण विचारतात. अवश्य लिहावे, मात्र कोणी काय केले तेवढेच लिहावे, कोणाच्या मनात काय होते ते लिहू नये. तसेच मुलांनी मुलींच्या रांगेविषयी, आणि मुलींनी मुलांच्या रांगेविषयी, अंदाजाने लिहू नये. आपल्याकडच्या पुष्कळ शाळांत पाच वर्षे एका वर्गात काढूनही या दोन रांगांमध्ये वहीच्या देवघेवीपलीकडे बोलणे झालेले नसते. तेथे त्या रांगेतील एखाद्या वर्गमैत्रिणीला विचारणे हाच मार्ग आहे, आणि तिच्या आठवणीतला वर्ग आपल्या वर्गापेक्षा फारच निराळा निघतो, असा माझा अनुभव आहे.

बोलीचा प्रश्न येथेच येतो. निवेदन प्रमाण मराठीत असावे, परंतु बोलणारा मुलगा अहिराणी बोलत असेल तर त्याला लेखात प्रमाण मराठी बोलायला लावू नये. 'चाल भो, बस चालनी गयी' या वाक्यातली घाई 'चल मित्रा, बस निघून गेली' यात उतरत नाही. जळगाव-यावलकडे लेवा गणबोली, सातपुड्यात भिली आणि पावरी, असे बोलींचे पुष्कळ प्रकार एकाच वसतिगृहात ऐकू येतात. ज्या बोलीतले वाक्य आपल्याला खात्रीने येत नाही ते त्या बोलीच्या माणसाकडून तपासून घ्यावे, निदान हसू येण्यासाठी म्हणून तरी ते वापरू नये. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी रचलेल्या ओव्या मुलाने आणि आप्तांनी ऐकून टिपून घेतल्या आणि त्या बोलीतच राहू दिल्या, म्हणून आज आपल्याला त्या वाचायला मिळतात. टिपून घेणाऱ्याने दुरुस्ती केली नाही, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

तपासणी

आठवणींना तारखा नसतात, पण सण असतात. जून महिन्यातील शाळेचा पहिला दिवस, पोळा, सहामाही, दिवाळीची सुट्टी, स्नेहसंमेलन, आणि उन्हाचा कडाका सुरू झाल्यावर सकाळी भरणारी शाळा, असा वर्षाचा सांगाडा आधी मांडून प्रसंग त्यात बसवून पाहावेत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशातील घरोघरी कानबाई ही देवी बसते आणि सोमवारी तिचे विसर्जन होते, म्हणून त्या सोमवारी वर्ग अर्धा रिकामा असतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांत होळीआधी भरणाऱ्या आदिवासींच्या भोंगऱ्या बाजाराच्या दिवशी तसेच होते. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, बहुधा वार्षिक परीक्षा संपल्यावर किंवा संपता संपता येते, त्यामुळे आखाजीच्या झोक्यावर बसून सहामाहीचा अभ्यास केल्याची आठवण कोणी सांगितली तर ती दोन वर्षांची मिसळ आहे, हे लगेच कळते.

वर्गमित्रांकडून खात्री करून घ्यायची असेल तर व्हॉट्सॲपच्या समूहावर प्रश्न टाकू नये. तेथे पहिला जे लिहितो तेच पुढच्या सर्वांना आठवू लागते. प्रत्येकाला वेगळा फोन करावा, आपली आठवण आधी न सांगता नुसते विचारावे, आणि दोघांची उत्तरे जुळली नाहीत तर लेखात दोन्ही ठेवावीत. वर्गाचे छायाचित्र मिळाले तर रांगेप्रमाणे नावे लिहून घ्यावीत आणि त्या दिवशी गैरहजर कोण होते तेही पाहावे. शाळेच्या कार्यालयातून आपल्या स्वतःच्या नोंदीपुरतीच माहिती मागावी. जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येकाची जात, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचे कारण लिहिलेले असते, आणि ते इतरांनी चाळण्यासाठी नसते.

माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेसाठी वेगवेगळ्या वयाच्या लोकांचे लेख एकत्र करताना काही ठळक नोंदी जवळ असलेल्या बऱ्या. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला, म्हणून त्याआधी शहाद्यात किंवा तळोद्यात शिकलेल्याच्या दाखल्यावर जिल्हा धुळेच असणार. जळगावचे विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले आणि त्याला बहिणाबाईंचे नाव २०१८ मध्ये मिळाले. त्याआधी खान्देशातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. २०२० साली दहावीचा भूगोलाचा पेपर करोनामुळे झाला नाही आणि २०२१ साली दहावीची परीक्षाच रद्द होऊन अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. या शेवटच्या तुकडीच्या लेखांत निरोप समारंभाचे पाणावलेले डोळे आले की संपादकाने थांबून एकदा विचारावे.

ज्याच्याविषयी लिहिले त्याला विचारणे

नाव बदलले म्हणजे जबाबदारी संपली, हा समज शहरात कदाचित चालत असेल. चार-पाच हजार वस्तीच्या गावात 'बसस्टँडजवळच्या पंक्चरवाल्याचा धाकटा' एवढे लिहिले तरी सारे गाव त्याला ओळखते. म्हणून घरची परिस्थिती, आजार, लग्न, नापास होणे किंवा व्यसन यांपैकी काहीही लेखात येत असेल, तर तो मजकूर त्या व्यक्तीला आधी वाचून दाखवावा आणि तिने नको म्हटले तर काढावा. मुलींच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी. आता सासरी असलेल्या वर्गमैत्रिणीची शाळेतील एखादी निरुपद्रवी गंमतही तिला तेथे अडचणीत आणू शकते. वाचून दाखवण्याचा एक फायदाही आहे : ऐकणारा बहुधा एखादा तपशील दुरुस्त करतो, आणि त्याची दुरुस्ती आपल्या मूळ वाक्यापेक्षा चांगली असते.

काही मजकूर असा असतो की तो वर्गाने वाचावा, गावाने नव्हे. त्यासाठी हस्तलिखिताचा मार्ग खुला आहे, आणि तो या भागाला नवा नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असलेले साने गुरुजी तेथील वसतिगृहाचेही काम पाहत आणि मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवीत. वसतिगृहातल्या गोष्टी वसतिगृहातच वाचल्या जात. एका वहीत दहा-बारा जणांनी आपापल्या अक्षरात प्रत्येकी दोन पाने लिहावीत, ती वही सर्वांकडे फिरवावी आणि शेवटी एकाकडे ठेवावी. छापील अंकात न बसणारे भांडण त्या वहीत निर्धास्तपणे लिहिता येते.

अंकासाठी लेख देताना शब्दमर्यादा पाळावी, सर्व नावांचे शुद्धलेखन त्या त्या व्यक्तीकडून तपासून घ्यावे आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवावी, कारण मुदतीच्या आठवड्यात लेख गहाळ होण्याचे प्रमाण फार असते. अंक प्रसिद्ध झाल्यावर ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यापर्यंत तो पोचवणे हे लेखकाचेच काम आहे. जादा प्रती मिळत नसतील तर त्या पानांची झेरॉक्स पुरते. ऊसतोडीला किंवा मजुरीला बाहेर असलेल्यांची पाने त्यांच्या घरच्या पत्त्यावर टाकून देऊ नयेत. होळीला ते गावी येतात, तेव्हा समक्ष नेऊन द्यावीत, आणि ज्याला वाचायला अडचण आहे त्याला तेथेच बसून वाचून दाखवावीत.