ताटात लाल माठ टिकला, तो असा

माझी लेक साडेतीन वर्षांची असताना भाजी दिसली की तोंड फिरवायची. मी मोबाइल लावून भरवायचे, सासूबाई ताट घेऊन मागे फिरायच्या. बालरोगतज्ज्ञांनी दिवसभरात ती काय काय खाते ते लिहून आणायला सांगितलं, तेव्हा उलगडा झाला: चार कप दूध आणि मधेमधे बिस्किटं. पोरीला भूक लागणार कधी?

दूध दोन कपांवर आणलं, बिस्किटं घरात आणणंच थांबवलं. पहिला आठवडा फार रडारड झाली. आजीचा जीव तुटायचा, पण त्याही ठाम राहिल्या.

रविवारी तिला दादरच्या भाजीबाजारात न्यायला लागले. केशवसुत पुलाखाली तिनेच लाल माठाची जुडी उचलली. घरी पानं तिनेच खुडली. ताटात एकच चमचा भाजी वाढायची, आग्रह नाही, ओरडा नाही. नवी चव मुलांना रुजायला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावी लागते. आमच्याकडे बाराव्या खेपेला माठ वरणभातात कालवून पोटात गेला! वरून लिंबू पिळतेच, कारण क जीवनसत्त्वामुळे पालेभाजीतलं लोह अंगी लागतं.

नाचणीचं घावन मात्र पहिल्याच दिवशी आवडलं. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, त्यामुळे दूध कमी केल्याची धास्तीही गेली.

कारलं अजून बाजूला सारते. आम्ही वाढतोय, एकच फोड.