गालिच्यावर घट्ट झालेले प्लास्टर ऑफ पॅरिस कसे काढावे

हस्तकलेच्या खोलीत साच्यात ओतताना सांडलेले प्लास्टर गालिच्यावर सुकून दगडासारखे झाले, की पहिला हात पाण्याच्या भांड्याकडे जातो. तो आवरावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजून पाणी कमी केलेले जिप्सम. त्यात पाणी मिसळले की ते पुन्हा जिप्सम होते आणि त्याचे सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंतून घट्ट बसतात. हे जिप्सम एक लिटर पाण्यात जेमतेम 2 ते 2.5 ग्रॅम विरघळते, त्यामुळे पाणी ओतल्याने ते निघून जात नाही, उलट वरची भुकटी पांढऱ्या चिखलासारखी होऊन गालिच्याच्या बुडापर्यंत उतरते. व्हिनेगरचाही येथे फारसा उपयोग नाही, कारण ते चुनखडीच्या डागांवर, म्हणजे कार्बोनेटवर चालते, आणि प्लास्टर हे सल्फेट आहे.

आपल्या बाजूने असलेली गोष्ट म्हणजे हा पदार्थ ठिसूळ आणि मऊ आहे; नखानेही त्यावर ओरखडा उठतो. म्हणून तो पूर्ण कोरडा होऊ द्यावा. हाताला गार लागत असेल तर आत अजून ओल आहे असे समजून आणखी एक दिवस थांबावे.

काम सुरू करण्यापूर्वी तोंडाला मास्क लावावा आणि खिडकी उघडावी, कारण ही धूळ फार बारीक असते. थर जाड असेल तर पकडीच्या जबड्यात त्याची कड धरून हळूच दाबावी, म्हणजे तो तडकतो. मात्र तुकडा ओढून काढू नये, कारण त्याच्यासोबत लवही, म्हणजे गालिच्याचे वरचे उभे धागे, उपटली जाते. तडकलेला तुकडा बोटांनी चुरावा, चमच्याच्या पाठीने हलके ठोकावे आणि सुटलेली भुकटी लगेच व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावी. थोडे चुरावे, थोडे ओढून घ्यावे, या क्रमात घाई केली तर मोकळी झालेली भुकटी पुन्हा लवेत दाबली जाते. शेवटी उरलेले कण बारीक दातांच्या कंगव्याने किंवा जुन्या दातघासणीच्या ब्रशने, लवेच्या दिशेने मोकळे करावेत. मधूनमधून व्हॅक्यूम क्लीनरचा फिल्टर झटकावा, कारण या धुळीने तो लवकर तुंबतो.

पाण्याची पाळी येते ती आता, फक्त उरलेल्या पांढुरक्या छटेसाठी. कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवाचे दोन थेंब टाकून पांढरे फडके त्यात बुडवावे, घट्ट पिळावे आणि डागावर टिपत राहावे, चोळू नये. आधी हे एखाद्या दडलेल्या कोपऱ्यात करून पाहावे. तागाच्या बुडाचा गालिचा जास्त भिजला तर त्यावर तपकिरी डाग उमटू शकतो आणि लोकरीचा गालिचा असेल तर खाण्याचा सोडा वापरू नये, कारण अल्कलीने लोकरीचे तंतू खराब होतात. नंतर पंख्याखाली पूर्ण वाळवून एकदा पुन्हा व्हॅक्यूम करावे.

एखाददुसरा कण टोकालाच चिकटून राहिला, तर लहान कात्रीने ते टोक छाटता येते, पण केवळ कापलेल्या लवेच्या गालिच्यात. वेटोळ्यांच्या विणीत दोरा कापला की वीण उसवत जाते. जमवलेला चुरा कचऱ्याच्या डब्यात टाकावा, मोरीत मुळीच नाही, कारण तो पाण्यात फारसा विरघळत नाही आणि पाइपात साचून तो तुंबवतो.