वायफाय रांगतंय? आधी दोष लाइनीत की हवेत ते ठरवा

नेट मंद झालं की बहुतेक घरांत दोनच उपाय होतात: राउटर बंद-चालू करायचा, नाहीतर रिपीटर (वायफायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) विकत आणायचा. त्याआधी पंधरा मिनिटं काढून दोष नेमका कुठे आहे ते शोधा. राउटरपर्यंत येणारी फायबरची लाइन आणि राउटरपासून फोनपर्यंतची हवा, दोन्हींचे इलाज वेगळे आहेत.

लॅपटॉपला लॅन केबल लावा, त्याचं वायफाय बंद करा, घरातले बाकीचे फोन-टीव्ही नेटवरून काढा आणि स्पीड टेस्ट घ्या. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर ९० च्या पुढे आकडा आला तर लाइन ठणठणीत आहे. (फाइल उतरवताना दिसणारा वेग बहुधा मेगाबाइटमध्ये असतो. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट; आठ बिटचा एक बाइट, म्हणून जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट. तो बिघाड नव्हे.)

प्लॅन २०० चा आणि आकडा ९५ च्या आसपास अडकतोय? मग केबलवर संशय घ्या. १०० च्या पुढच्या गिगाबिट (१००० एमबीपीएस) जोडणीला केबलमधल्या आठही तारा लागतात. एखादी तुटली किंवा टोकाच्या क्लिपमध्ये नीट बसली नसेल तर जोडणी मुकाट्याने १०० वर उतरते. कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल लावून पाहा. काही स्वस्त राउटरचे पोर्टच १०० चे असतात, तिथे केबल बदलून फरक पडत नाही.

आकडा त्याहूनही खाली असेल तर फायबर जिथे येते त्या कंपनीच्या डब्यामागची पातळ फायबर वायर बघा. सोफ्यामागे दाबली गेली किंवा कोपऱ्यात काटकोनात दुमडली की आतला प्रकाश गळतो. वळण तीन-चार सेंटिमीटर त्रिज्येचं तरी राहू द्या, आणि टोक बोटाने अजिबात पुसू नका. डब्यावरचा एलओएसचा (फायबरमधून सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लागला असेल तर मात्र थेट तक्रार नोंदवा.

केबलवर वेग पूर्ण मिळतो पण बेडरूममध्ये मिळत नाही, तर दोष हवेत. खरं काम इथेच आहे. राउटर टीव्हीमागे, शू-रॅकवर किंवा लोखंडी कपाटाशेजारी असेल तर आधी तिथून हलवा. पाच-सहा फूट उंचीवर, घराच्या शक्य तितक्या मध्यावर ठेवा. फायबर ओढण्यापेक्षा लॅन केबल वाढवून राउटर पुढे नेणं सोपं पडतं.

वायफायच्या दोन नेहमीच्या पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण काँक्रीटच्या दोन भिंतींपलीकडे दमतो. २.४ लांब पोचतो, पण सोसायटीत शेजाऱ्यांचेही राउटर त्याच पट्ट्यात बोलत असतात, शिवाय मायक्रोवेव्ह चालू झाला की तोही तिथेच ढवळतो. राउटरच्या सेटिंगमध्ये (बहुधा १९२.१६८.१.१ वर, पत्ता राउटरखालच्या स्टिकरवर असतो) २.४ चा चॅनेल (पट्ट्यातला कप्पा) १, ६ किंवा ११ ठेवा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. मधले चॅनेल दोन्ही बाजूंच्या गर्दीत सापडतात. फोनवरच्या वायफाय ॲनालायझर ॲपमध्ये सिग्नल उणे ६५ डीबीएमपर्यंत (हे ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) असेल तर चांगला. उणे ८० ला व्हिडिओ कॉल तुटणारच.

रिपीटर घ्यायचाच तर सिग्नल मेलेल्या खोलीत लावू नका, अर्ध्या वाटेवर लावा. एकाच पट्ट्यावर ऐकून पुन्हा बोलणारा रिपीटर वेग जवळपास निम्मा करतो. त्या खोलीपर्यंत केबल नेऊन दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून (म्हणजे फक्त वायफाय देण्यापुरता) जोडणं केव्हाही चांगलं.

केबलवरचा आकडा सकाळी पूर्ण आणि रात्री नऊनंतर रोज कोसळत असेल, तर वर्दळ कंपनीच्या बाजूची आहे. तीन दिवसांचे आकडे वेळेसकट लिहून तक्रारीला जोडा.