स्वादुपिंडाला सूज: रिपोर्टमधले कोणते आकडे पाहायचे?

काकांच्या पोटात वरच्या बाजूला कळ उठली, पाठीपर्यंत गेली, उलट्या थांबेनात. फोंड्याहून १०८ने त्यांना बांबोळीला, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नेलं. रक्तातलं लायपेज (स्वादुपिंडातलं पाचक द्रव्य) १,८०० पाहून काकीचा धीरच सुटला. तीन दिवस आम्ही सगळे त्याच आकड्यावर नजर लावून होतो, आणि तो आकडा आजार किती गंभीर आहे हे सांगतच नाही.

म्हणून आधी लायपेज आणि तसंच दुसरं पाचक द्रव्य अमायलेज बाजूला ठेवा. ठरावीक कळ आहे आणि यातलं एक नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त आहे, की निदान झालं. त्यांचं काम तिथं संपलं. पुढं ५०० असो वा ५,०००, गंभीरपणा त्यावर ठरत नाही.

मग एका कागदावर कळ सुरू झाल्याची वेळ लिहा. ती का लागते, ते पुढं सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासणीपाशी कळेल.

पहिल्या दिवशी पाहायचे ते पीसीव्ही (रक्तातल्या पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण) आणि युरिया (मूत्रपिंड बाहेर टाकतं तो कचरा). सूज आली की रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपतं आणि रक्त दाट होतं. पीसीव्ही ४४ टक्क्यांच्या वर असेल आणि सलाईन चालू असूनही २४ तासांत उतरत नसेल, तर धोका वाढतो. युरियाचंही तसंच, चढता युरिया वाईट. इथं गफलत होते ती नावाची: काही लॅब ‘बीयूएन’ (युरियातला फक्त नायट्रोजन) देतात, काही ‘ब्लड युरिया’. बीयूएन २० म्हणजे युरिया साधारण ४३. दोन रिपोर्टांची तुलना करण्याआधी नाव आणि एकक वाचाच.

सीआरपी सावकाश चढतं. पहिल्या दिवशी कमी आलं म्हणून हायसं वाटून घेऊ नका. कळ सुरू झाल्यापासून ४८ तासांनी ते लिटरला १५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर आजार गंभीर होण्याची शक्यता धरतात. रिपोर्ट डेसिलिटरमध्ये असेल तर तोच आकडा १५.

क्रिएटिनिन १.८च्या वर जाऊन ४८ तासांपेक्षा जास्त काळ तिथंच राहिलं, तर मूत्रपिंड निकामी होत आहे आणि आजार गंभीर गटात गेला आहे, असं समजतात. घसरतं कॅल्शियमही चांगलं लक्षण नव्हे.

सूज कशानं आली हे कळण्यासाठी ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) पहिल्याच दिवशी तपासायला सांगा. उपाशी ठेवल्यावर ते लवकर उतरतं आणि १,०००च्या वरचं कारण नजरेतून निसटतं. पित्ताशयातल्या खड्यांसाठी सोनोग्राफी होईलच. हुर्राक, फेणी अशी दारू किती घेतली ते डॉक्टरांना खरं सांगा; घरची माणसं लाजेनं हेच लपवतात.

रुग्णाला धाप लागली, तो असंबद्ध बोलू लागला किंवा लघवी कमी झाली, तर रिपोर्टची वाट न पाहता लगेच सिस्टरला हाक मारा.