अंगठ्याने माउस चालवताना या चुका टाळा

कर्सर सरळ उजवीकडे न्यायला जावं, तर तो तिरका होतो. खिडकीच्या फुलीवर नेम धरून दाबावं, तर नेमका दाबतानाच घसरतो. स्टीम डेक, म्हणजे हातात धरून गेम खेळायचा छोटा संगणक, घेतल्यावर पहिला आठवडाभर मी त्याच्या ट्रॅकपॅडलाच (अंगठ्याने कर्सर हलवायच्या चौकोनी पॅडला) बोल लावत होतो. पॅड ठणठणीत होतं, सवय लॅपटॉपची होती.

लॅपटॉपवर मनगट मोकळं असतं आणि बोट सरळ रेघ ओढतं. डेकचं पॅड जेमतेम 32.5 मिलिमीटरचं आणि चालवायचं अंगठ्याने. अंगठा बुडाशी बांधलेला, त्यामुळे आडवा फिरवला की कमानच काढतो. यावर इलाज आहे, पण बहुतेक जण तिथवर जातच नाहीत. कंट्रोलर लेआउटमध्ये, म्हणजे कोणतं बटण काय करेल ते ठरवायच्या पानावर, उजव्या ट्रॅकपॅडच्या सेटिंगात रोटेशन (दिशा फिरवायची सोय) शोधा. अंगठा सहज आडवा फिरवत राहा आणि कर्सर सरळ जाईपर्यंत अंश थोडे थोडे बदला. सेन्सिटिव्हिटीला हात त्यानंतर.

पॅड दाबून क्लिक करू नका. दाबताना अंगठा हलतोच. डेस्कटॉप मोडमध्ये, म्हणजे डेक साध्या संगणकासारखा वापरताना, मागचं उजवं ट्रिगर आर-टू म्हणजे डावं क्लिक, डावं ट्रिगर एल-टू म्हणजे उजवं. अंगठा उचलल्यावरही कर्सर गडगडत पुढे जात असेल, तर ट्रॅकबॉल मोड चालू आहे. मोठ्या नकाशावर त्याची मजा येते, बारीक बटणांवर चिडचिड. फ्रिक्शन वाढवा, नाहीतर सरळ बंद करा.

‘मशीन हलकं राहील’ म्हणून डेस्कटॉपवर स्टीम (गेम आणि बटणांची सेटिंगं सांभाळणारा प्रोग्राम) बंद करणं ही आणखी एक हौस. कर्सर हलत राहतो, म्हणून फरक लगेच कळत नाही. पण स्टीम आणि एक्स ही बटणं एकत्र दाबून पडद्यावरचा कीबोर्ड येत नाही आणि तुम्ही लावलेली सेटिंगंही गायब.

गेममध्ये पडद्यावरची चिन्हं घडीत ‘ए’ बटण, घडीत कीबोर्डची कळ दाखवतात, कॅमेरा गचके खातो? गेमला गेमपॅड आणि माउस दोन्ही एकदम मिळतायत आणि त्याला ते झेपत नाही. अशा वेळी अर्धं हे, अर्धं ते ठेवू नका: संपूर्ण लेआउट कीबोर्ड-माउसचा घ्या किंवा पॅडला जॉयस्टिक करा. लाँचरची, म्हणजे गेमआधी उघडणाऱ्या प्रोग्रामची, खिडकी अडून बसली, तर मात्र लेआउट बदलायची गरज नाही. स्टीम बटण दाबून धरा, उजवं पॅड माउस होतं.

डेकसारखंच हातात धरायचं दुसरं मशीन, 2023 चं आरओजी अ‍ॅलाय, त्याला पॅडच नाही. तिथे स्टिक कर्सरची जागा नाही, वेग ठरवते. वेग वाढवला की बारीक बटणं हुकणारच. त्यांच्यासाठी टचस्क्रीन आहे, वापरा.

आणि वेफर्स खाऊन तसाच अंगठा पॅडवर ठेवलात, तर कर्सर अडखळणारच. मशीन बंद करून किंचित ओलसर मऊ कापडाने पुसा, वर स्प्रे मारू नका. शोभेचं स्टिकर लावलं असेल, तर कॅलिब्रेशन करण्याआधी ते काढून बघा.